अकरा पेट्या आणि एक अनविलिंग

जानेवारीतला तिसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण खापर, आमच्या भाड्याच्या घराची पुढची खोली.

हजर: मी. माय, म्हणजे माझ्या सासूबाई, शहादा तालुक्यातल्या आमच्या गावाहून आदल्या दिवशी एसटीने आलेल्या. मुलगी मानसी, अकरावी. आमचे हवालदार, आसामातून, व्हिडिओ कॉलवर, रेंज असेल तितके. गैरहजर: दीर. मिरचीच्या तोडणीला मजूर आले होते. कारण मान्य.

विषय: हवालदारांनी नायब सुभेदाराची बढती घ्यावी की घेऊ नये.

वरचा मजकूर माझ्या वहीतून जसाच्या तसा उतरवला आहे. घरच्या बैठकीची नोंद कोण ठेवतं, असं मानसी विचारते. मी ठेवते. नंतर 'असं ठरलंच नव्हतं' म्हणायला कोणाला जागा राहत नाही. एरवी आम्ही घरात अहिराणी बोलतो. इथे माझी वाक्यं पुस्तकी करून घेतली आहेत, इतरांची राहू दिली आहेत.

या अंकाच्या संपादकांनी 'सेवेतले अनुभव' मागितले, तेव्हा मी विचारलं, कोणत्या सेवेतले? माझ्या सेवा दोन. गेली अकरा वर्षं मी अक्कलकुवा तालुक्यात एका उपकेंद्रावर आरोग्य सेविका आहे. त्याआधी आठ वर्षं फौजीची बायको म्हणून पूर्ण वेळ काम केलं. लोकांना ते काम वाटत नाही, म्हणून आधी तेच सांगते.

आठ वर्षांत सहा बदल्या झाल्या. फौजेत बदलीचा कागद येतो त्याला मूव्हमेंट ऑर्डर म्हणतात. नवरा संध्याकाळी घरी येतो, बूट काढता काढता सांगतो, "ऑर्डर आली." नवी नवरी विचारते, "कुठली?" जुनी बायको विचारते, "तारीख काय?" कारण गाव कुठलंही असलं तरी सामान तेच असतं. बदलतात ते फक्त हातातले दिवस.

आमच्याकडे अकरा पेट्या आहेत. काळ्या, पत्र्याच्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात पेटीचा क्रमांक, ह्यांचा फौजी नंबर, हुद्दा आणि नाव. झाकणाच्या आत सामानाची यादी चिकटवलेली, तिची नक्कल माझ्या वहीत. पेटी क्रमांक एक सगळ्यात शेवटी भरायची आणि सगळ्यात आधी उघडायची. तिच्यात तवा, पातेलं, चहा-साखर, खिचडीपुरते डाळ-तांदूळ, हातोडी, खिळे, सुतळी आणि पडदे. पडदे वाचून लोक हसतात. नव्या क्वार्टरमध्ये शिरल्यावर पहिल्या तासात समोरच्या चार खिडक्यांतून चार वहिन्या बघत असतात, हे त्यांना माहीत नसतं.

एकदा रेल्वेच्या पार्सलमध्ये पेटी एक मागे राहिली आणि पेटी नऊ पुढे आली. राजस्थान, मे महिना. पेटीत पाच रजया होत्या. त्या आम्ही खिडक्यांना लावल्या. समोरच्या वहिनींनी विचारलं, "क्या बहनजी, इतनी ठंड लगती है?" मी म्हटलं, "हो, आमच्या नंदुरबारकडे फार उकाडा असतो." त्यानंतर वर्षभर त्यांनी मला काही विचारलं नाही. शेजार चांगला होता.

मानसी सहा वर्षांची झाली आणि हवालदारांना, तेव्हा ते नायक होते, फील्ड पोस्टिंग लागलं. तिथे कुटुंब नेता येत नाही. एएनएमचा, म्हणजे आरोग्य सेविकेचा कोर्स माझा लग्नाआधीच झाला होता. भरतीची जाहिरात निघाली, अर्ज केला, निवड झाली. पेट्या खापरला आल्या आणि इथेच राहिल्या. हवालदार वर्षातून दोनदा रजेवर येतात. फील्डनंतर दोनदा फॅमिली स्टेशन मिळालं, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशी छावणी, पण तेव्हा माझी नोकरी नवी होती. मी गेले नाही.

आता बैठकीचा विषय. बढतीच्या यादीत नाव आलं की फौजेत माणसाला लिहून द्यावं लागतं, विलिंग की अनविलिंग. तयार की नाही. विलिंग लिहिलं तर हवालदारांच्या खांद्यावर तारा लागणार, नोकरी आणखी काही वर्षं वाढणार आणि बहुतेक फॅमिली स्टेशन मिळणार. अनविलिंग लिहिलं तर पुढच्या वर्षी पेन्शन आणि घर. कागद महिनाअखेर द्यायचा होता.

मी अजेंडा वाचला आणि फोनला विचारलं, "तुमचं मत काय?"

"तुम्ही ठराई ल्या. मी तयार शे," हवालदार म्हणाले.

"कशाला तयार?"

"तुम्ही जे ठरावशात त्याले."

"असं चालत नाही. मत द्या."

यावर त्यांनी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं.

"आई, पप्पा हँग झाले," मानसी म्हणाली.

"तो लहानपनपाईनच तसा शे," माय म्हणाल्या.

रेंज येईपर्यंत मी मायचं मत घेतलं. फॅमिली स्टेशन मिळालं तर त्यांनीही सोबत यावं, असा माझ्या यादीतला मुद्दा चौथा होता.

"मी काय पेटी शे का, नंबर टाकीसन लई जावाले?"

मुद्दा चौथा खोडला. मानसीचं मत तयारच होतं. बारावी ती नंदुरबारलाच देणार, होस्टेलला राहून. "माझ्या चार बालवाड्या झाल्या. एकीनेही निरोप समारंभ केला नाही." नोंद घेतली.

मग हवालदार परत आले. आम्ही तिघी बोलेना, कारण आता त्यांनी बोलायचं होतं. तेही बोलेनात, कारण आता आम्ही सांगायचं होतं. शेवटी ते म्हणाले, "माय, तूच सांग ना."

"मी कसाले सांगू? तुन्हा साहेब सांगी."

"साहेब म्हने घर इचारी ये."

बैठक दोन तास चालली. निर्णय झाला नाही. दोन वेळा चहा झाला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आम्हाला हे काम येतच नाही. अठ्ठेचाळीस तासांत अकरा पेट्या भरून स्टेशनवर हजर राहायचं असेल तर आमच्याइतकं तयार घर जिल्ह्यात सापडणार नाही. पण एकोणीस वर्षांत आम्हाला जे कागद आले त्यांवर एकच गोष्ट लिहिलेली असायची आणि ती करायची असायची. दोन पर्याय असलेला कागद कधी आलाच नव्हता. सगळे आपापल्या जागी सावधान उभे होते आणि हुकूम द्यायला कोणी नव्हतं.

मी अशा वेळी जे करते तेच केलं. निर्णय झाला नाही म्हणून तयारी थांबवायची नसते. खापरच्या दमट हवेत पेट्यांचा रंग सुटला होता. दुसऱ्या दिवशी मी युनूसभाईंना बोलावलं. ते दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतात. घराणंच रंगाऱ्यांचं. अंगणात अकरा पेट्या ओळीने मांडल्या. त्यांनी काळा हात मारला, पांढऱ्याने क्रमांक काढले आणि मग ब्रश हातात धरून थांबले.

"भाभी, ओहदा क्या लिखू?"

"तेवढी जागा सोडा."

"कितनी सोडू? हवलदार छोटा है, नायब सुभेदार लंबा है."

"लांब हुद्द्याची सोडा."

"मतलब साब मान गये?"

"अजून नाही."

"तो लिखीच देतो ना सुभेदार," ते म्हणाले. "अकरा पेट्यावर लिख दिया तो भाईजान को बनना पडेगा. मिटाने का पैसा मैं डबल लेता हूँ."

मी जागा कोरी ठेवायला सांगितली. दोन तासांच्या बैठकीत न निघालेला तोडगा त्यांनी पाच मिनिटांत काढला होता.

त्याच आठवड्यात मणिबेलीकडच्या पाड्यांचा लसीकरणाचा दिवस होता. बाहेरच्यांसाठी सांगते. जीपने घाट उतरून नर्मदेच्या काठाला जायचं, तिथून बोट. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे, वरच्या टेकड्यांवर पाडे आहेत. लसींचा डबा मांडीवर धरायचा, कारण बोटीत खाली पाणी असतं. डब्यातला बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला पाहिजे. आदल्या दिवशी प्रत्येक घराची यादी करायची: कोणत्या बाळाला कोणती लस लागू झाली आहे. तिला आम्ही ड्यू लिस्ट म्हणतो. ती नसेल तर बोटीचं डिझेल फुकट जातं.

या कामात एक पद्धत शिकावी लागते. आईला कधीही विचारायचं नाही, "लस द्यायची का?" असं विचारलं की ती सासूकडे बघते, सासू नवऱ्याकडे बघते, नवरा डोंगराकडे बघतो, आणि बर्फ वितळतो. विचारायचं, "बाळाला तू धरतेस की तुझी सासू धरेल?" दोन्हीपैकी काहीही उत्तर आलं तरी लस दिली जाते. अकरा वर्षांत माझ्या पाड्यांचं काम चांगलं राहिलं ते यामुळे. मी नव्या मुलींना हे शिकवते आणि त्याचा मला अभिमान आहे.

तिथली आशा कार्यकर्ती सुमित्रा. घरी तिची बोली वेगळी, माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते, मोजून मापून. परतताना बोटीची वाट बघत आम्ही काठावर बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं, कारण दुसरं कोणी नव्हतं.

"सिस्टर, दादाला काय पाहिजे?" तिने विचारलं.

"तेच सांगत नाहीत."

"तुम्ही विचारलं का?"

"तीनदा."

"कसं विचारलं?"

मी फोन काढून मेसेज दाखवला. 'विलिंग की अनविलिंग? शुक्रवारपर्यंत कळवा. मला रजा मंजूर करून घ्यायला किमान दोन महिने लागतील.'

सुमित्राने तो दोनदा वाचला. "हे तर ऑफिसचं पत्र आहे," ती म्हणाली. "सही शिक्का राहिला फक्त."

मी हसले. तिचं म्हणणं वहीत लिहिलं नाही.

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले. हवालदारांचा फोन आला की कागद अजून खिशात आहे, क्लार्कने दोनदा विचारलं. मी बसून दोन रकाने केले. अनविलिंगच्या रकान्यात: घर, माय, शेत. विलिंगच्या रकान्यात: तारा. बावीस वर्षं खांद्याकडे बघत नोकरी केलेला माणूस, तारा समोर आला तर त्याला तो नको असेल का? आमच्या भागातले निवृत्त हवालदार मी पाहिले आहेत. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसतात आणि आतला मुनीम त्यांना 'ए फौजी' म्हणतो. मला वाटलं, ह्यांना तारा हवा आहे, पण माझ्या नोकरीसाठी बोलत नाहीत. मी नोकरीतून दोन वर्षं विनावेतन रजा घेऊ शकते. मग त्यांची अडचण उरत नाही.

हे सगळं मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी हा मेसेज टाकला:

'आदेश क्रमांक १. हवालदार यांनी बढतीच्या कागदावर विलिंग लिहून उद्या दुपारी बारापूर्वी सादर करावे. फॅमिली स्टेशन मिळाल्यास पत्नी सोबत येईल. अंमलबजावणी कळवावी.'

उत्तर एका मिनिटात आलं. 'जी.'

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी सही केलेल्या कागदाचा फोटो आला. एकोणीस वर्षांत त्यांनी एवढ्या लवकर माझं काही ऐकलं नव्हतं. मी खूश होते. काम मार्गी लागलं होतं.

मार्चमध्ये काठी गावच्या होळीला आमच्या पथकाची ड्यूटी होती. तिथेच मी आमच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना रजेचा अर्ज दिला, कारण ते एका जागी सापडतात असा वर्षातला तो एकच दिवस. ढोलांच्या आवाजात त्यांना वाटलं मी आठ दिवस मागते आहे. "घ्या घ्या," म्हणाले. मग कागद वाचला. "दोन वर्षं? सिस्टर, तुमचे पाडे कोण बघणार?" मी चार्ज देण्याचं वेळापत्रक अर्जाला जोडलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्यांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं.

मे महिन्यात हवालदार रजेवर आले. खांद्यावर तारा लागला होता. मी त्यांना अजून हवालदारच म्हणते, सवय जात नाही. युनूसभाई कोऱ्या जागा भरायला आले.

"मुबारक हो साब," ते ब्रश चालवत म्हणाले. "भाभी बोले थे, साब मानते नहीं. कैसे मान गये?"

"ऊपर से ऑर्डर आया," हवालदार म्हणाले.

युनूसभाई माझ्याकडे बघून हसले. "और नहीं आता तो?"

"नहीं आता तो क्या. इस टाइम खेत में होता."

ते साध्या आवाजात बोलले, जसं कोणी वेळ सांगावी. मग वाकून पाचव्या पेटीकडे बोट दाखवलं, तिथे 'सुभेदार'मधला 'भे' तिरका आला होता. युनूसभाईंनी तो सरळ केला. ते थट्टा करत होते की नाही, मला कळलं नाही. फौजी माणूस गंमत आणि अहवाल एकाच सुरात सांगतो.

रजेचे पुढचे पंधरा दिवस ते गावी होते, मायजवळ. मी शेवटच्या रविवारी त्यांना घ्यायला गेले. माय ओट्यावर बसल्या होत्या.

"ते कुठे आहेत?" मी विचारलं.

"वावरमा. अजून कथा ऱ्हाई?" माय म्हणाल्या. "पंधरा दिवस व्हयनात, सकाय व्हयनी का कुदय लिसन चालना. चाळीस खड्डा खंदात बांधवर. आंबाना कलमं लावाले."

"कलमं आणली?"

"पावसाना नंतर लावू म्हने. मी म्हनं, पाऊस येई तव्हय तू कथा ऱ्हाशी? पुढला खड्डा खंदाले लागना."

मी शेतात गेले. बांधावर खड्डे होते, दोरी लावून मोजलेले, सगळे एका खोलीचे, एका अंतरावर. ते चाळिसाव्यात उभे होते. मला बघून बाहेर आले आणि पँट झटकली.

"निघानं का?" त्यांनी विचारलं.

"हो. साडेतीनची एसटी आहे."

"चाल."

विचारायची वेळ तीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "पाणी प्यायलात का?" ते म्हणाले, "पिनू."

पुढचं थोडक्यात. सप्टेंबरमध्ये पोस्टिंगची ऑर्डर आली, जबलपूर, फॅमिली क्वार्टरसह. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते न्यायला येतील. माझी रजा मंजूर आहे. मानसीचं होस्टेल ठरलं आहे, तिने तिची पेटी स्वतः भरली, यादी केली नाही. पाड्यांचा चार्ज शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे दिला. शेवटच्या फेरीला सुमित्रा बोटीपर्यंत आली आणि म्हणाली, "नवीन सिस्टर कशी आहे माहीत नाही. तुमच्यासारखी घाई करणारी पाहिजे." हे कौतुक आहे असं मी धरलं. कलमांचं काम दिरांनी केलं, पाऊस पडल्यावर. चाळीसपैकी अडतीस जगली आहेत. मायचा फोन येतो तेव्हा आधी आंब्यांची खबर देतात, मग स्वतःची.

जायच्या आधीच्या कामांची यादी बेचाळीस ओळींची होती. हे लिहीपर्यंत एक्केचाळीस झाली. राहिलेलं काम लहान आहे. हवालदारांना विचारायचं आहे की जानेवारीत त्यांना खरं काय हवं होतं.

आता बदलणार काहीच नाही. सही झाली, तारा लागला, क्वार्टरही मिळालं. तरी मला ते माहीत असायला हवं, आणि मला ते माहीत नाही.

तीन वेळा मजकूर तयार केला. पहिला वाचून वाटलं, ही चौकशी समिती आहे. दुसऱ्यात उत्तराचे दोन पर्याय मीच देऊन ठेवले होते. तिसरा बराच साधा होता. 'तुम्हाला घरी यायचं होतं का?' तो फोनवर टाकून मी पाठवायच्या बटणावर बोट धरलं आणि मला उत्तर आधीच दिसलं. मी काहीही विचारलं तरी ते 'जी' म्हणणार, आणि त्या 'जी'वरून मला एवढंच कळणार की मेसेज मिळाला.

ज्याला 'जी' हे उत्तर चालणार नाही असा प्रश्न बनवायचा आहे. अजून बनलेला नाही. ओळ बेचाळीस कोरी आहे.